इंजिनिअरचा भाऊ

हुडकेश्वरचा रुपराव गोतमारे मनानं वाईट नव्हता, असं सांगणारे आजही भेटतात. त्यांनी त्याला भावाबद्दल बोलताना ऐकलेलं नसणार. धाकट्या भावाचं, चंद्रभानचं, नाव निघालं की रुपरावच्या तोंडची चव जायची. बायको रुख्मिणी मुकाट्यानं ताट उचलून आत न्यायची आणि गोठ्यातल्या बैलांना उगाच शिव्या बसायच्या. वीस-बावीस वर्षं हे चाललं. शेतात दोघांचा वाटा होता, घर आईचं होतं, बैलजोडीची अवलादही बापाच्या वेळची. रुपरावजवळ एकट्याचा म्हणावा असा एक रागच होता, आणि तो त्यानं निगुतीनं सांभाळला होता.

रागाला कारण नव्हतं असं मुळीच नाही. बाप वारला तेव्हा रुपराव सातवीत होता आणि वर्गात पहिल्या तिघांत त्याचा नंबर असायचा. वखर धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्याचं नाव शाळेतून काढलं. चंद्रभान तेव्हा तीन वर्षांचा. पुढं तो शाळेत जाण्याजोगा झाला तेव्हा आईनं, जिजाबाईनं, ठरवून टाकलं की एकाचं राहिलं तर राहिलं, दुसऱ्यानं तरी शिकावं. मोठ्यानं शेत केलं आणि धाकटा मॅट्रिक झाला. आता त्यानं पटवारी व्हायचं, गावातच राहायचं आणि दोघांनी मिळून शेत पाहायचं असं घरात ठरलं होतं. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात हा पठ्ठ्या कोणाला न सांगता कामठीला भरतीला गेला आणि फौजेत मेकॅनिक होऊन बसला.

फौजेतल्या माणसाला सालाची दोन महिने रजा मिळते. हुडकेश्वरात त्या रजेवर हक्क शेताचा असतो, शिपायाचा नसतो. ऐन वैशाखात शिपाई घरी येतो, ट्रंक ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला लागतो. चंद्रभानही पहिली चार वर्षं असाच आला. पऱ्हाट्या उपटल्या, धसकटं वेचली, शेणखत पसरलं, आणि पेरणीच्या आधी परत गेला. त्रेसष्ट साली मात्र पत्र आलं की यंदा रजा मंजूर नाही. चौसष्टातही तेच. त्या वर्षी गडी मिळेना म्हणून जिजाबाई स्वतः खताच्या टोपल्या डोक्यावर वाहू लागली. तिला ऊन लागलं. महिनाभर ती खाटेवर पडून होती, आणि रुपराव सकाळी वखरामागे आणि दुपारी तिच्या कपाळावर कांद्याचा रस चोळत बसलेला होता. त्यानं फौजेच्या नावानं बोटं मोडली. भावावर तेव्हा त्याचा निम्माच राग होता.

उरलेला निम्मा पासष्टच्या मे महिन्यात आला. वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, बैलबंडी शहरातल्या कॉटन मार्केटात खाली करून रुपराव दोरखंड घ्यायला महाल नावाच्या जुन्या वस्तीकडे वळला, तर समोरून सायकलवर चंद्रभान. अंगात साधा सदरा, कॅरिअरला पुस्तकं, आणि बगलेत ड्रॉइंगचा मोठा लाकडी फळा. यंदाही रजा नाही असं पत्र येऊन पंधरा दिवस झाले नव्हते. रुपरावनं हाक मारली नाही. बंडी तिथंच सोडून तो पायी त्याच्या मागे गेला. बोळातल्या एका जुन्या घराच्या बाहेरच्या खोलीत चंद्रभान शिरला, आणि खिडकीतून दिसलं की त्यानं सदरा काढून टेबलाशी बैठक मारली.

घराची मालकीण यमुताई ही एकटी राहणारी, भोसल्यांच्या वेळेपासून महालात असलेल्या घराण्यातली बाई होती. ती ओट्यावर आली तेव्हा रुपरावनं आपण याच्या गावचे असं सांगितलं, भाऊ म्हणून सांगितलं नाही. मग यमुताई भरभरून बोलली. पोरगा हिऱ्यासारखा आहे, तीन वर्षं झाली, दर उन्हाळ्यात रजा घेऊन इथंच येतो. एएमआयई नावाची परीक्षा असते, कॉलेजात न जाता देतात, पण पास झालं की पक्का इंजिनिअर. फौजेतला साहेबच त्याला पुस्तकं देतो, वर्कशॉपात काम करता करता हा अभ्यास करतो, आणि घरी गेलं की औताला जुंपतात म्हणून घरी जात नाही बिचारा. यंदा शेवटचे पेपर.

ते 'बिचारा' रुपरावच्या डोक्यात बसलं. बंडी हाकत परत येताना त्याला आई दिसत होती, खाटेवर पडलेली, आणि तिथून तीन कोसांवर पंख्याखाली पुस्तक उघडून बसलेला हा बिचारा. घरी त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. अशी गोष्ट एकदा सांगितली की ती सगळ्यांची होते, आणि रुपरावला ती वाटून घ्यायची नव्हती.

चार दिवसांनी, मंगळवारी, गावात तार आली. तारवाला सायकलवरून पारापाशी उतरला एवढं पाहून बायकांनी रडायला सुरुवात केली, कारण तार म्हणजे कोणीतरी गेलं, आणि फौजेतला माणूस गोतमाऱ्यांचा. जिजाबाईनं तर अंगणातच अंग टाकलं. रुपरावनं सही करून पाकीट फोडलं. तार चंद्रभानच्या नावावर होती, त्याच्या पलटणीकडून. सातवीपर्यंतच्या इंग्रजीला 'लीव्ह' आणि 'कॅन्सल' एवढे शब्द पुरले: रजा रद्द, परत हजर हो. कच्छच्या रणात चकमकी चालल्याचं गावात सगळ्यांनाच माहीत होतं. रजेच्या कागदावर चंद्रभाननं घरचाच पत्ता दिला होता, कारण रेल्वेचा पास घरच्याच गावाचा मिळतो, आणि फौजेलाही वाटत होतं की तो आईच्या हातचं खात असेल. रुपरावनं बायकांना सांगितलं की काही झालं नाही, चंद्रभानला रजा मिळाली नाही एवढंच कळवलंय. रडणं थांबलं. फुकट रडायला लावलं म्हणून दोघी-तिघींनी तारवाल्यालाच सुनावलं.

आता रुपरावनं काय केलं ते नीट ऐकावं, कारण पुढं गावात याच्या उलट बोललं गेलं. बुधवारी तो तार खिशात घालून महालात गेला. जाताना त्याच्या मनात ती द्यायचीच होती, निदान रुख्मिणीला त्यानं पुढं तसं सांगितलं. तार दिली की पोरगं गाडीत बसेल, परीक्षा बुडेल, आणि नाटक उघडं पडेल. बोळाच्या कोपऱ्यावर तो थांबला. चंद्रभान ओट्यावर बसून वहीत आकडे मांडत होता. यमुताई बाहेर आली, त्याच्याशेजारी पन्ह्याचा गडू ठेवला, आणि त्याला त्रास नको म्हणून पाय न वाजवता आत गेली. रुपराव सातवीत अभ्यासाला बसायचा तेव्हा बाप म्हणायचा की दिवा विझव, तेल जळतं. त्याच्याशेजारी कधी कोणी पाण्याचा पेलासुद्धा ठेवला नव्हता. मग त्याचा विचार पुढं गेला. तार दिली तर यंदाची परीक्षा बुडेल, पण नोकरी राहील, आणि पुढल्या वर्षी हा पुन्हा इथंच येऊन बसेल. तार दिली नाही तर फौज त्याला फरारी ठरवेल, पट्ट्या काढेल, हाकलून देईल. हाकललेला फौजी इंजिनिअर झाला काय आणि न झाला काय, त्याला कोण विचारतं? मग तो घरी येईल आणि वखर धरील.

तो परत आला आणि त्यानं चुलीत तार घातली. रुख्मिणी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, काय जाळलं. बिडी पेटवली, म्हणाला.

दहा दिवसांनी पोलीस आला. चंद्रभान गोतमारे रजेवरून हजर झाला नाही, कुठं आहे, असं त्यानं विचारलं. दुसरा भाऊ असता तर कानांवर हात ठेवले असते. रुपराव म्हणाला, चला, दाखवतो, आणि त्याच्या सायकलीला आपली सायकल लावून थेट महालात गेला. बोळाच्या कोपऱ्यावरून त्यानं बोटानं घर दाखवलं आणि स्वतः पानठेल्याच्या आड उभा राहिला. संध्याकाळी पाचला चंद्रभान आला, बगलेत तोच फळा, बोटांना शाई. पोलीस त्याच्याशी दोन मिनिटं बोलला. चंद्रभाननं मान हलवली, फळा खोलीत ठेवला, ट्रंक घेतली आणि त्याच्या पुढं चालू लागला. तो शनिवार होता. शेवटचा पेपर तो त्याच दिवशी देऊन आला होता, हे त्याच्या पोलिसाशी झालेल्या बोलण्यातून रुपरावला ऐकू आलं, पण त्यामुळं त्याला काही फरक पडत नव्हता.

त्या पावसाळ्यात रुपराव खुशीत होता. त्यानं सुताराकडून दुसऱ्या वखराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, नवं करून घेतलं. भाऊ येईल तेव्हा त्याला काय काय बोलायचं ते तो शेताच्या धुऱ्यावर बसून मनात घोळवायचा, आणि एखादं झोंबणारं वाक्य सुचलं की एकटाच हसायचा.

भाऊ आला नाही, पत्र आलं. गावातली पत्रं शाळेचे गणपतराव मास्तर वाचत, तसं त्यांनी हेही जिजाबाईसमोर वाचलं. रजेवरून उशिरा हजर झाल्याबद्दल नायकाची पट्टी गेली आणि अठ्ठावीस दिवस कोठडीत काढले. पण निकाल लागला, पास झालो. साहेबांनी आधी शिक्षा दिली, मग स्वतःच वर नाव पाठवलं, लढाईच्या दिवसांत असा मेकॅनिक घालवायला फौज मूर्ख नाही म्हणाले. आता नव्या रंगरुटांना इंजिन शिकवायला मला घेतलं आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल. पत्रात तारेबद्दल एक अक्षर नव्हतं. मास्तरांनी जिजाबाईला समजावून सांगितलं की तिचा मुलगा आता डिग्रीवाला आहे, कॉलेजचं तोंड न पाहता. ती मास्तरांच्या पाया पडली. रुपराव उठून गोठ्यात गेला आणि त्या दिवशी त्यानं बैलाला चाबकानं मारलं, जे तो कधी करत नसे.

तिथून त्याचे हाल सुरू झाले. गाव त्याला इंजिनिअरचा भाऊ म्हणू लागलं. आजूबाजूच्या गावांतून बाप यायचे, पोराला कसं पाठवायचं ते विचारायला. रुपरावला बैठकीत बसून सांगावं लागे, की बंदूकवाल्या पलटणीत नका घालू, ट्रेडमध्ये, म्हणजे कारागिरीच्या कामात घाला, वर्कशॉप मिळालं पाहिजे. पहिली दोन वर्षं गुमान काम करावं, मग साहेबाची परवानगी काढून परीक्षेचा फॉर्म भरावा. परीक्षेचा आधी ए भाग द्यावा, मग बी. गणितात बहुतेक आपटतात. सातवीत शाळा सुटलेला माणूस हे सगळं पाठ झाल्यासारखं सांगायचा, आणि बाप लोक गेले की रुख्मिणीवर खेकसायचा. चंद्रभान रजेवर येई, आता हक्कानं घरी येई, पण वखराला कोणी त्याला हात लावू देत नसे. दोघं भाऊ एका पंगतीत जेवत आणि हवापाण्याचं बोलत. तारेचा विषय चंद्रभाननं काढला नाही. रुपराव वाट पाहत राहिला की हा कधीतरी भांडेल. याचं भांडण आलं की आपलंही सगळं ओकून टाकायचं, आईच्या उन्हापासून, असं त्याचं ठरलेलं होतं. भांडण आलं नाही.

शहात्तर साली चंद्रभान नायब सुभेदार होऊन फौजेतून सुटला आणि कोराडीच्या वीज केंद्रात त्याला इंजिनिअरची जागा मिळाली. कॉलनीत क्वार्टर मिळालं. आता तरी याचं पोट भरलं असेल असं रुपरावला वाटलं, तर हा चाळिशीला टेकलेला माणूस ड्युटी संपवून, कपड्यांवर कोराडीची राख घेऊन, बसनं शहरात येऊन एम.टेक.च्या वर्गात बसू लागला. पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर तीन वर्षं बसला. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात तो एम.टेक. झाला, आणि गणपतराव मास्तरांनी, निवृत्त होऊनही त्यांची हौस फिटली नव्हती, शाळेच्या आवारात सत्काराचा मांडव घातला.

रुपरावलाही स्टेजवर बसवलं. मोठा भाऊ म्हणून शाल, नारळ आणि झेंडूचा हार. पुढच्या सतरंजीवर जिजाबाई नवं लुगडं नेसून बसली होती. भाषणं झाली आणि चंद्रभान माइकपुढं आला. त्यानं फौजेचे आभार मानले, यमुताईचं नाव घेतलं, आणि मग तो रुपरावकडे वळला.

"पासष्ट साली फौजेनं मले माघारी बोलावलं तवा तार घरी आली होती. माहे पेपर बाकी होते. मी कुठी आहो हे भावाले माहीत होतं. त्यानं तार दाबली. ते तार मले भेटली असती त मी आज इथी उभा नसतो."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढं बोलून तो चालत आला, सगळ्या गावासमोर वाकला आणि रुपरावच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. टाळ्या थांबेनात. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. रुपराव खुर्चीला चिकटून बसून राहिला आणि त्याच्या मानेवर झेंडूचा हार खाजत राहिला.

चहा-चिवड्याच्या गर्दीत त्यानं चंद्रभानला मांडवामागे गाठलं.

"मी तार काहून दाबली ते तुले माहीत हाये ना गा?"

"माहीत हाये. पोलिसाले घर कोनं दाखवलं तेबी माहीत हाये. यमुताईनं खिडकीतून पाह्यलं होतं."

"मंग स्टेजवर हे काय सांगून राहिला?"

"मी तुमाले शिव्या द्याव्या म्हणून तुमी सोळा वर्सं वाट पाहून राहिले, भाऊ. शिव्या दिल्या असत्या त तुमचं मन हलकं झालं असतं. म्हणून नाई दिल्या."

चंद्रभानचा आवाज अगदी सरळ होता, रंगरुटांना इंजिनाचे भाग समजावून सांगावेत तसा. रुपराव म्हणाला की मी आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगतो.

"सांगा. मायले ऊन लागलं तवा मी महालात होतो, हेबी तिले सांगा. मंग दोघंही नागवे होऊ."

रुपराव तसाच फणफणत मास्तरांकडे गेला. बाजूला घेऊन म्हणाला की मास्तर, ते तसं नव्हतं, मी त्याच्या भल्यासाठी तार दाबली नव्हती, मला त्याला तुरुंगात धाडायचं होतं. मास्तर हसू लागले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, की रुपराव, चांगुलपणा अंगाला लावून घ्यायचा नाही म्हणजे किती, आणि हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की पाच-सहा जण आणखी गोळा झाले. त्यातल्या एकानं रुपरावला वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात सतरंजीवरून जिजाबाईनं हाक मारली. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. आज बोलूनच टाकायचं, सगळं, पहिल्यापासून, असं ठरवून बसला. पण आधी म्हातारीच बोलू लागली.

"रुपराव, मले वाटे तुह्या पोटात त्याच्यासाठी इख हाये. तुहं शिकणं गेलं माह्यापायी, म्हणून तू त्याच्यावर जळतं असं मले वाटे. इतकी वर्सं एक दिवस मले गोड झोप नाई लागली. मेल्यावर हे दोघं एकमेकाच्या दारात जातीन की नाई, याचाच घोर." तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "ते तार तू त्याच्यासाठीच ठेवली होती ना बाप्पा? खरं हाये ना?"

रुपरावनं मागं पाहिलं. चंद्रभान पाच पावलांवर बशीतला चहा पीत उभा होता आणि उत्तर ऐकायला थांबला होता. त्याचाही चेहरा उतरला होता. आईनं पुन्हा विचारलं.

"खरं हाये, माय," रुपराव म्हणाला.

जिजाबाईनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली, आणि शेजारच्या बाईला हलवून सांगू लागली, की पाहा वं, माझा मोठा असा आहे. त्यानंतर ती आणखी आठ वर्षं जगली. घरी कोणी आलं की ती आधी ही तारेची गोष्ट सांगे, आणि सांगून झाली की रुपरावला आतून बोलावून घेई.